दातावरचे पांढरे डाग: घासून जात नाहीत, मग जातात कसे?

दातावर पांढरा डाग दिसला की बहुतेक घरांत पहिला उपाय ठरलेला, ब्रश जोरात चालवायचा. त्याने गेला नाही की मीठ, मग खायचा सोडा, मग लिंबू, आणि हल्ली रील्स बघून कोळशाची काळी पावडर. गावाकडे अजूनही राखुंडी आणि मिश्रीवर विश्वास ठेवणारी माणसं आहेत, आणि मिश्री म्हणजे तर भाजलेली तंबाखू, त्याने दाताचं भलं होणं राहिलं लांब, तोंडाच्या कॅन्सरला आपणच बोलावल्यासारखं होतं. एवढं सगळं करूनही डाग जागचा हलत नाही, कारण तो दाताच्या वर बसलेलाच नसतो. चहाचा, पानाचा, तंबाखूचा डाग वरून चढतो आणि तो डॉक्टर क्लीनिंग करून काढू शकतात. पांढरा डाग दाताच्या आत असतो. हे एकदा डोक्यात बसलं की कुठला उपाय चालेल, कुठे पैसे वाया जातील आणि कशाने दाताचीच वाट लागेल हे तुमचं तुम्हाला बऱ्यापैकी कळायला लागतं.

दाताच्या सगळ्यात वरच्या थराला एनॅमल म्हणतात. शरीरातली सगळ्यात कडक गोष्ट ही, हाडापेक्षाही कडक. वजनाने बघितलं तर साधारण ९६ टक्के निव्वळ खनिज, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे अतिशय बारीक स्फटिक एकमेकांना खेटून बसलेले, आणि उरलेलं थोडं पाणी, थोडं प्रोटीन. हे एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. त्यामुळे हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते, पण एनॅमलचा तुकडा गेला की गेला, शरीर तो परत घडवत नाही. म्हणून जोरात घासण्याची एवढी भीती वाटते मला.

आता स्फटिक घट्ट बसलेले असले की प्रकाश त्यातून सरळ आत शिरतो, खालच्या डेंटिन नावाच्या थराचा हलका पिवळसर रंग घेऊन परत येतो, आणि म्हणून निरोगी दात किंचित पिवळट आणि जरासा पारदर्शक दिसतो. जिथलं खनिज कमी झालंय तिथे स्फटिकांच्या मधे बारीक बारीक छिद्रं पडतात, त्यात पाणी नाहीतर हवा भरते, प्रकाश आत जायच्या ऐवजी तिथेच इकडेतिकडे विखुरतो आणि ती जागा खडूसारखी पांढरी दिसते. वरून हात लावला तर बऱ्याचदा खड्डा लागत नाही, कारण सगळ्यात बाहेरचा पातळ पापुद्रा शाबूत असतो आणि पोकळपणा त्याच्या खाली असतो. भजी बांधून आणलेला कागद आठवा, जिथे तेल लागतं तिथे तो आरपार दिसायला लागतो. कागदाच्या धाग्यांमधली हवा जाऊन तिथे तेल भरलेलं असतं, बाकी काही नाही. ह्याच गोष्टीवर एक अख्खी ट्रीटमेंट उभी आहे, ती पुढे सांगतो.

डॉक्टर तुमच्या दातावर फुस्स करून हवा मारतात तेव्हा ते नुसती थुंकी उडवत नसतात. प्रकाश कुठल्या पदार्थात किती वाकतो ह्याचा एक आकडा असतो, एनॅमलचा साधारण १.६२, पाण्याचा १.३३, हवेचा १. आकड्यांत जेवढा फरक जास्त तेवढा प्रकाश जास्त विखुरतो. म्हणजे छिद्रांत पाणी असेल तर डाग थोडा लपतो आणि पाणी वाळून हवा शिरली की उठून दिसतो. काही सेकंद हवा मारल्यावरच डाग दिसला तर तो बहुतेक एनॅमलच्या बाहेरच्या अर्ध्या भागातच आहे, आणि ओल्या दातावरही सरळ दिसत असेल तर खोलवर गेलाय. तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्यांना सकाळी उठल्यावर डाग जास्त पांढरे वाटतात आणि नाश्ता होईपर्यंत परत फिकट होतात, त्याचंही कारण हेच. रात्रीत डाग वाढला म्हणून घाबरून फोन करणारे पालक बरेच असतात, तसं काही झालेलं नसतं.

पण सगळे पांढरे डाग एक नव्हेत, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. निदान न करता ट्रीटमेंट सुरू केली की पैसे जातात आणि डाग राहतो.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रकार म्हणजे किडीची सुरुवात. कीड म्हटलं की आपल्याला काळा खड्डा आठवतो, पण कीड आधी पांढरी असते. आपण काही गोड किंवा पिठूळ खाल्लं की दातावरच्या चिकट थरातले बॅक्टेरिया ते खाऊन अॅसिड सोडतात, तिथला पीएच (अॅसिड मोजायचा आकडा, जितका कमी तितकं अॅसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट निघून जायला लागतं. मग थुंकी आपलं काम करते, अॅसिड पातळ करते, पीएच वर आणते आणि निघालेलं खनिज परत आत बसवते, ह्याला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. ही ये-जा दिवसभर चालू असते. तुम्ही सकाळी चहा-बिस्कीट, अकराला परत चहा-बिस्कीट, चारला चहा-खारी, मधेच एक चॉकलेट असं करत राहिलात तर थुंकीला वेळच मिळत नाही आणि जमेपेक्षा खर्च वाढतो. एकूण साखर किती खाल्ली ह्याच्याइतकंच, किंबहुना जास्त, किती वेळा तोंडात गेली ह्याला महत्त्व आहे. जेवणाबरोबर दोन गुलाबजाम खाल्लेले परवडले पण दिवसभर चघळत राहिलेली गोळी नाही परवडत. असा किडीचा डाग हिरडीच्या कडेने, चंद्रकोरीसारखा आणि निस्तेज असतो, कारण घाण तिथेच साठते.

ह्याचाच भाऊ म्हणजे तारा लावलेल्या मुलांचे डाग. तार धरून ठेवायला दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटच्या भोवती अन्न अडकतं, ब्रश नीट पोचत नाही, आणि घासण्यात ढिलाई असली तर महिन्याभरातच खनिज निघायला सुरुवात होऊ शकते. मग दीड-दोन वर्षांनी तारा निघतात, दात मस्त एका ओळीत आलेले असतात, आणि प्रत्येक दातावर ब्रॅकेटच्या जागेभोवती पांढरी चौकट. त्या वयातल्या मुलामुलींना काय वाटत असेल ह्याचा विचार करा, ज्या हसण्यासाठी एवढं सोसलं तेच हसू झाकावंसं वाटतं.

दुसरा मोठा प्रकार फ्लोरोसिस, आणि हा आपल्या महाराष्ट्राचा स्वतःचा प्रश्न आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधल्या किनवटच्या बाजूला बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. दात हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे समोरच्या पटाशीच्या दातांसाठी जन्मानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत, पोटात फ्लोराइड जास्त गेलं तर एनॅमल नीट पिकत नाही. डाग दोन्ही बाजूंना सारखे, आडव्या पुसट रेघा किंवा ढगासारखे, आणि जास्त असेल तर पुढे तपकिरी पडतात, खड्डेही पडतात. त्यात मुलाचा किंवा आईचा घासण्याचा आळस कारणीभूत नसतो, हे त्या भागातल्या पोरांना कोणीतरी मोठ्याने सांगायला हवं, लग्न जमवताना मुलीचे दात बघून नाक मुरडणाऱ्यांना तर नक्कीच. आणि हो, पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं. कँडलच्या साध्या फिल्टरनेही जात नाही. आरओने जातं, आणि नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुना वापरून गावपातळीवर फ्लोराइड कमी करायची पद्धत काढली तिला नलगोंडा पद्धत म्हणतात, तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंडा जिल्ह्यात हाच त्रास मोठा होता.

फ्लोराइड वाईट की चांगलं, असा प्रश्न मग येतोच. ह्याची गोष्ट अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावापासून सुरू होते. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण डेंटिस्ट तिथे गेला तर स्थानिक लोकांच्या दातांवर तपकिरी डाग, कारण कोणालाच माहीत नाही. पुढे त्याच्या लक्षात आलं की दात दिसायला खराब आहेत पण त्यांना कीड कमी लागते. कारण सापडायला ३० वर्षं गेली, १९३१ मध्ये अॅल्युमिनियमच्या एका कंपनीतल्या चर्चिल नावाच्या केमिस्टने पाणी तपासलं आणि त्यात फ्लोराइड निघालं. म्हणजे दात घडताना पोटात जास्त गेलं तर डाग, आणि दात बाहेर आल्यावर वरून थोडं थोडं मिळत राहिलं तर किडीपासून संरक्षण. फ्लोराइडवाली पेस्ट लावून थुंकून टाकणं आणि फ्लोराइडचं पाणी रोज पिणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उरलेले प्रकार पटकन सांगतो. काही मुलांच्या पहिल्या कायमच्या दाढा आणि समोरचे दात मुळातच कच्च्या एनॅमलचे येतात, डॉक्टर त्याला एमआयएच म्हणतात. डाग पांढरट, क्रीम किंवा पिवळे-तपकिरी, कडा स्पष्ट, एका बाजूला असतो तर दुसऱ्या बाजूला नसतो, आणि दाढेला गार लागलं की मूल कळवळतं. ह्या दाढा लवकर तुटतात, म्हणून सहा-सात वर्षांचं मूल ब्रश करताना दुखतंय म्हणालं तर नाटक समजू नका. आणि एकाच दातावर डाग असेल तर लहानपणी दुधाच्या दाताला मार लागला होता का किंवा तिथे पू झाला होता का ते आठवून बघा, त्याचा परिणाम खाली घडत असलेल्या कायमच्या दातावर होतो.

आता उपाय. किडीचा ताजा डाग असेल तर पहिलं काम त्याला थांबवणं आणि जमेल तेवढं खनिज परत भरणं, ह्यात ड्रिलची गरज नाही. दिवसातून दोनदा फ्लोराइडची पेस्ट, आपल्याकडच्या मोठ्यांच्या बहुतेक पेस्टमध्ये ते साधारण १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत १००० भाग) असतं, ट्यूबवर वाचून घ्या कारण हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये ते अजिबात नसतं. रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं, झोपेत थुंकी कमी होते म्हणून. घासून झाल्यावर फेस थुंका पण भसाभसा चुळा भरू नका, पेस्टचा अंश दातावर राहिला पाहिजे. आपल्याला लहानपणापासून खळखळून चूळ भरायची सवय असल्यामुळे हे सुरुवातीला विचित्र वाटतं पण फरक पडतो. डॉक्टर ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश लावतात, त्यात २२,६०० पीपीएम फ्लोराइड असतं, मिनिटभराचं काम, तीन ते सहा महिन्यांनी परत. दुधातल्या प्रोटीनपासून बनवलेली कॅल्शियम-फॉस्फेटची क्रीमही मिळते, मेलबर्न विद्यापीठात ती तयार झाली, पण फ्लोराइडपेक्षा तिचा जास्त फायदा होतो का ह्याबद्दलचे पुरावे काही फार भक्कम नाहीत, आणि दुधाची अॅलर्जी असेल तर ती वापरायची नाही.

डाग थांबला की तो चमकदार आणि गुळगुळीत होतो, चालू असलेला डाग निस्तेज आणि खरखरीत असतो. पण थांबलेला डाग दिसायचा बंद होईलच असं नाही. तारा निघाल्यावर पहिले काही महिने डाग आपोआप बराच फिकट होतो, त्यामुळे लगेच व्हीनियर (दात थोडा घासून त्यावर समोरून चिकटवायचं पातळ कवच) वगैरेची घाई करू नका. ह्या काळात खूप तीव्र फ्लोराइड समोरच्या डागावर लावलं तर वरचा पापुद्रा झटकन बंद होतो आणि आतली पोकळी आणि पांढरेपणा तसाच अडकून राहतो, म्हणून बरेच डॉक्टर समोरच्या दातांना रोजच्या पेस्टवरच ठेवतात. कीड जोरात असेल तर मात्र दिसण्यापेक्षा दात वाचवणं आधी, तो निर्णय त्यांचा.

तरीही डाग राहिलाच तर रेझिन इन्फिल्ट्रेशन, म्हणजे प्लास्टिकसारखं घट्ट होणारं पातळ रेझिन डागाच्या छिद्रांत मुरवणं. जर्मनीत ही पद्धत तयार झाली, आयकॉन नावाने २००९ च्या सुमारास बाजारात आली आणि आता पुण्या-मुंबईतच नाही तर इतर शहरांतही काही क्लिनिकमध्ये करतात. माझ्या भाचीचं केलं तेव्हा मी खुर्चीशेजारी बसून पाहिलंय. आधी दातांभोवती रबराचा निळा पडदा ताणून लावला, हिरडी अॅसिडपासून वाचावी म्हणून. मग १५ टक्के हायड्रोक्लोरिक अॅसिडची जेल डागावर दोन मिनिटं, म्हणजे वरचा बंद पापुद्रा जातो आणि खालच्या छिद्रांची तोंडं उघडतात. धुतल्यावर डाग आधीपेक्षा भयंकर पांढरा दिसायला लागला आणि माझ्या बहिणीचा चेहराच उतरला. मग अल्कोहोलचे थेंब टाकले आणि बघता बघता डाग निम्म्याहून फिकट झाला. तीच खरी परीक्षा, अल्कोहोलने डाग लपला तर रेझिननेही लपणार, नाही लपला तर जेल परत लावायची. मग पाण्यासारखं पातळ रेझिन तीन मिनिटं, ते छिद्रांत आपोआप शोषलं जातं, निळ्या लाइटने ४० सेकंद कडक करायचं, आणि परत एकदा थोडं रेझिन. तेलाच्या कागदासारखंच, हवेच्या जागी एनॅमलच्या जवळपास प्रकाश वाकवणारा पदार्थ बसला की विखुरणं थांबतं. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही.

किडीच्या आणि तारांच्या डागांवर हे सगळ्यात छान चालतं, हलक्या फ्लोरोसिसवरही बऱ्यापैकी, पण एमआयएचवर भरवसा देता येत नाही कारण तिथला कच्चा भाग बऱ्याचदा खोल असतो आणि रेझिन तिथवर पोचत नाही. खर्च दातामागे काही हजार होतो, तेव्हा डाग कुठल्या प्रकारचा आहे हे आधी विचारून मगच हो म्हणा. आणि आधीचे फोटो काढून ठेवायला सांगा, वाळलेल्या नव्हे तर ओल्या दाताचे, नाहीतर तुलना खोटी होते.

फ्लोरोसिसच्या वरवरच्या डागांसाठी मायक्रोअॅब्रेजन असतं, सौम्य अॅसिड आणि बारीक पावडर मिसळून एनॅमलचा अगदी पातळ थर घासून काढतात, तपकिरी डागावर विशेष चांगलं. हे ऐकून घरी लिंबू-सोडा घासायचा मोह होईल, तो टाळा. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ असतो, घरी ना वेळ मोजता येतो ना खोली, आणि गेलेलं एनॅमल परत येत नाही हे वर सांगितलंच. ब्लीचिंगने पांढरा डाग जात नाही, आजूबाजूचा दात उजळ होतो म्हणून डाग कमी उठून दिसतो इतकंच, आणि पहिले काही दिवस डाग उलटा जास्तच दिसतो. कंपोझिट म्हणजे दाताच्या रंगाचं सिमेंट भरणं किंवा व्हीनियर बसवणं हे खड्डे पडलेल्या, खोल डागांसाठी ठेवावं. सोळा वर्षांच्या मुलीच्या धडधाकट दातावर निव्वळ पांढऱ्या ठिपक्यासाठी व्हीनियर घासून बसवणं मला पटत नाही, कारण ते आयुष्यभर टिकत नाही, दर काही वर्षांनी बदलावं लागतं आणि दर वेळी दात थोडा कमी होतो.

सगळ्यात शेवटी लहान बाळांच्या दातांबद्दल, कारण तिथे डाग बघितलाच जात नाही. दूध पीत पीत, बाटली तोंडात ठेवूनच झोपणाऱ्या बाळाच्या वरच्या दातांवर हिरडीच्या कडेने पांढरी रेघ उमटते, ती ओठाखाली झाकलेली असते. महिन्यातून एकदा उजेडात बाळाचा वरचा ओठ उचलून बघा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, आणि घासणारे तुम्ही, मूल नाही. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागात राहत असाल तर एवढ्या लहान वयात कुठली पेस्ट द्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा. रेघ अजून पांढरी असेल तर वार्निश लावून, रात्रीची बाटली बंद करून ती तिथेच थांबवता येते. तपकिरी होऊन मऊ पडली असेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध लावतात, त्याने किडलेली जागा काळी पडते पण कीड बहुतेक वेळा थांबते आणि दोन-तीन वर्षांच्या पोराला भूल देऊन रूट कॅनल करायची वेळ बऱ्याचदा टळते.